पाळी चुकण्याआधी घरी केलेल्या चाचणीवर कितपत विसंबावे?

प्रश्न – चाफेकळी

गेले सात महिने आम्ही बाळासाठी प्रयत्न करत आहोत. माझी पाळी २९ ते ३४ दिवसांच्या अंतराने येते. या वेळी २७व्या दिवशी सकाळी घरीच किटवर चाचणी केली, तेव्हा एकच रेघ आली. ती पट्टी टाकून न देता दुपारी पुन्हा पाहिली, तर दुसऱ्या रेघेच्या जागी काहीतरी पुसट, राखाडी दिसत होते. काल २९व्या दिवशी संध्याकाळी पुन्हा चाचणी केली, तर पुन्हा एकच रेघ. वेष्टनावर ९९ टक्के अचूकतेचा दावा आहे. मग यातले कोणते उत्तर खरे मानावे आणि पुढची चाचणी कधी करावी?

उत्तर – सूक्ष्मदर्शी

ही पट्टी गर्भ ओळखत नाही, लघवीतले एचसीजी हे संप्रेरक ओळखते, आणि ते गर्भ गर्भाशयाच्या अस्तरात रुजू लागल्यानंतरच तयार होते. स्त्रीबीज बाहेर पडल्यापासून रुजण्यापर्यंत साधारण ६ ते १२ दिवस जातात; बहुतेक वेळा ८ ते १०. सुरुवातीला ही पातळी दोन-तीन दिवसांत दुप्पट होते, म्हणजे आज ती ६ असली तर १२ आणि मग २४ व्हायला चार ते सहा दिवस लागतील. बाजारातल्या पुष्कळ पट्ट्या मात्र मिलीलीटरमागे २५ मिलि-युनिटच्या आसपासच रेघ दाखवतात. ९९ टक्क्यांचा दावा सहसा पाळी अपेक्षित असलेल्या दिवसापासूनच्या चाचणीला लागू असतो, ही अट बारीक अक्षरांत असल्यामुळे बहुतेकांच्या नजरेतून सुटते.

तुमच्या चक्रात पाच दिवसांचा फरक पडतो, त्यामुळे ‘२७वा दिवस’ एवढ्यावरून काहीच ठरत नाही. स्त्रीबीज केव्हा बाहेर पडले असावे, याची काही नोंद आहे का?

चाफेकळी

हो, एलएचच्या (स्त्रीबीज बाहेर पडण्याआधी वाढणाऱ्या संप्रेरकाच्या) पट्टीवर १९व्या दिवशी संध्याकाळी पहिल्यांदा गडद रेघ आली होती.

सूक्ष्मदर्शी

मग हिशेब सोपा आहे. एलएच वाढल्यानंतर साधारण २४ ते ३६ तासांत स्त्रीबीज बाहेर पडते, म्हणजे ते २०व्या किंवा २१व्या दिवशी पडले असावे. २७व्या दिवशी जेमतेम सहा-सात दिवस झाले होते आणि काल आठ-नऊ. दोन्ही चाचण्या फार लवकर झाल्या. त्यांतून ‘नाही’ असे उत्तर मिळालेच नाही, उत्तर अजून यायचे आहे. पाळी ३४व्या किंवा ३५व्या दिवसाच्या सुमारास अपेक्षित धरून त्यानंतर चाचणी करा. रात्रभर साठलेली सकाळची पहिली लघवी घ्या, आणि आदल्या रात्री मुद्दाम भरपूर पाणी पिऊ नका, कारण पातळी कमी असताना पातळ लघवीत ती हमखास निसटते.

उत्तर – पाऊलवाट

दुपारच्या त्या राखाडी रेघेने मलाही एकदा दोन दिवस हवेत ठेवले होते, म्हणून आवर्जून लिहिते. लघवी वाळल्यावर रसायन लावलेल्या जागी असा रंगहीन ओरखडा उमटू शकतो. माहितीपत्रकात दिलेल्या वेळेत, बहुधा तीन ते पाच मिनिटांत, जे दिसते तेच वाचायचे आणि दहा मिनिटांनंतर त्या पट्टीकडे पाहायचेच नाही. वेळेत उमटलेल्या रेघेला गुलाबी किंवा निळा असा रंग असेल, तर ती कितीही फिकट असली तरी मोजायची आणि ४८ तासांनी पुन्हा चाचणी करायची. मात्र फार लवकर केलेल्या चाचणीत फिकट रेघ येऊन चार दिवसांनी पाळी येणे, हेही घडते. गर्भ रुजून लगेच गळून गेलेला असतो, आणि पाळीची वाट पाहिली असती तर ते कळलेही नसते. ते कळावे की न कळावे, हे ज्याचे त्याने ठरवावे.

उत्तर – निरंजनी

एक गोष्ट राहिली. स्त्रीबीज फुटण्यासाठी एचसीजीचे इंजेक्शन घेतले असेल, तर त्याचाच अंश १० ते १४ दिवस लघवीत राहून खोटी रेघ आणू शकतो. प्रोजेस्टेरॉनच्या गोळ्यांनी रेघ येत नाही, पण पाळी लांबू शकते. पाळी चुकून आठवडा झाला आणि तरीही रेघ नसेल, तर रक्तातली बीटा एचसीजी तपासून घ्या. रेघ आल्यावर पोटाच्या एका बाजूला तीव्र दुखणे, रक्तस्राव, भोवळ किंवा खांद्याच्या टोकाशी कळ असे काही जाणवले, तर गर्भ गर्भाशयाऐवजी बीजवाहक नलिकेत रुजला असण्याची शक्यता असते; तेव्हा पुढच्या पट्टीची वाट न पाहता त्याच क्षणी रुग्णालय गाठा.

चाफेकळी

मी इंजेक्शन किंवा गोळ्या काहीही घेतलेले नाही. ३५व्या दिवशी सकाळीच चाचणी करेन. तोवर धीर सुटू नये म्हणून उरलेल्या दोन पट्ट्या नवऱ्याकडे ठेवायला दिल्या आहेत.