मराठी अक्षरं बिघडल्याचे प्रश्न: विचारणाऱ्याकडून नेमकं काय मागावं?

कानामात्रा

संगणकावरच्या मराठीसाठी आपला जो मदतकक्ष आहे, तिथले प्रश्न विचारण्याचे नियम नव्याने लिहायला घेतले आहेत. आत्ताचे नियम चार ओळींचे: शीर्षक स्पष्ट द्या, आधी शोधून पाहा, स्क्रीनशॉट नको मजकूर पेस्ट करा, भाषा सभ्य ठेवा. प्रोग्रॅमिंगच्या कुठल्याही मदतस्थळावर हे चालून जातील, पण आपल्याकडच्या प्रश्नांना पुरत नाहीत. नेहमीचा धागा असा असतो: "फाइलमधलं मराठी दिसत नाही, अर्जंट मदत हवी". खाली पहिले सहा-सात प्रतिसाद नुसत्या उलटतपासणीचे. विंडोज कोणतं? फॉन्ट कोणता? दिसत नाही म्हणजे मग काय दिसतं? तोवर विचारणारा निघून गेलेला असतो.

तीन गोष्टींवर मत हवं आहे. स्क्रीनशॉटबंदी ठेवायची का? किमान कोणती माहिती सक्तीची करायची? आणि लोक सातबारा, गुणांच्या याद्या, आधार कार्डाच्या प्रती जशाच्या तशा चढवतात, त्याला आळा कसा घालायचा?

अर्धार

स्क्रीनशॉटबंदी आधी काढा. "चित्र नको, मजकूर द्या" हा नियम कोडपुरता बरोबर आहे. तिथे जे दिसतं तेच साठवलेलं असतं आणि उत्तर देणाऱ्याला ते चालवून पाहायचं असतं. देवनागरीत साठवलेलं वेगळं आणि दिसणारं वेगळं. फाइलमध्ये असतात ते वर्णांचे क्रमांक. जोडाक्षर, रफार, पहिल्या वेलांटीची जागा, हे सगळं फॉन्ट आणि सॉफ्टवेअर मिळून पडद्यावर घडवतात. नुसता मजकूर पेस्ट केला तर तो आपल्या पडद्यावर आपल्या फॉन्टने नीट उमटतो आणि बिघाड गायब होतो. नुसतं चित्र दिलं तर बिघाड दिसतो, पण खाली काय साठवलंय याचा पत्ता लागत नाही. दोन्ही मागायला हवं.

"दुसऱ्या" हा एक शब्द घ्या. इनस्क्रिप्ट कीबोर्डवर शिफ्ट धरून रोमन "जे" ची कळ दाबली की ऱ येतो, मग हलन्त, मग य आणि काना. असा लिहिलेला शब्द ७ वर्णांचा. काही फोनेटिक (उच्चारानुसार रोमन कळांनी लिहायचे) कीबोर्ड तोच शब्द साधा र, हलन्त, शून्य रुंदीचा अदृश्य जोडक, मग य आणि काना असा लिहितात. तो भरतो ८ वर्णांचा. डोळ्याला काडीचा फरक दिसत नाही. पण एक्सेलमध्ये व्हीलुकअप (एका यादीतला शब्द दुसरीत शोधणारं सूत्र) जुळत नाही, आणि विचारणारा लिहितो की एक्सेल बिघडलंय. एलईएन या सूत्राने दोन्ही पेशींची लांबी मोजली की ७ आणि ८ समोर येतात. नेमका कोणता वर्ण वेगळा ते बघायचं असेल तर एमआयडी या सूत्राने एकेक वर्ण काढून युनिकोड या सूत्रात घालायचा, म्हणजे त्याचा क्रमांक मिळतो. ऱ असेल तर २३५३, साधा र २३५२, हलन्त २३८१ आणि जोडक ८२०५. हे सूत्र एक्सेल २०१३ पासून आहे, तेव्हा आवृत्ती विचारायचं हेही एक कारण.

ॲ चीही तीच गत. हा स्वतंत्र वर्ण युनिकोडच्या (प्रत्येक वर्णाला क्रमांक देणाऱ्या जागतिक पद्धतीच्या) ५.१ आवृत्तीत, २००८ साली आला. जुन्या मजकुरात त्याच्या जागी अ, जोडक आणि अर्धचंद्र असतो, किंवा हिंदीसारखा ऍ वापरलेला असतो. "ॲप" शोधून "ऍप" सापडणार नाही.

म्हणून नमुना शब्द पेस्ट करण्याऐवजी साध्या टेक्स्ट फाइलमध्ये जोडायला सांगा, साठवताना यूटीएफ-८ (युनिकोड मजकूर फाइलमध्ये साठवायची पद्धत) निवडून. काही संकेतस्थळं पेस्ट केलेल्या मजकुरातला जोडक गाळतात. मग विचारणाऱ्याने टाकलेला शब्द आपल्याला "दुसर्या" असा दिसतो आणि सगळे भलत्याच दिशेने उत्तरं शोधत बसतात.

रकाना

स्क्रीनशॉटबाबत अर्धारना +१. माझी सूचना दुसरी आहे: "दिसत नाही" हे शब्द प्रश्नात चालणार नाहीत असंच लिहा. त्याऐवजी काय दिसतं ते निवडायला लावा. त्या एका निवडीवर पुढचं सगळं ठरतं.

रिकामे चौकोन दिसत असतील तर त्या फॉन्टमध्ये देवनागरी नाही, एवढाच अर्थ. माहिती शाबूत असते. मजकूर निवडून निर्मला यूआय किंवा नोटो सॅन्स देवनागरी लावला की काम झालं.

रोमन चिन्हांची रांग दिसत असेल, आणि दर तिसऱ्या जागी डोक्यावर तिरकी रेघ असलेला रोमन ए पुन्हा पुन्हा येत असेल, तर यूटीएफ-८ मधला मजकूर जुन्या पाश्चात्त्य सांकेतिक पद्धतीने वाचला गेलाय. देवनागरीचा प्रत्येक वर्ण यूटीएफ-८ मध्ये ३ बाइटचा असतो आणि सगळ्यांचा पहिला बाइट एकच, म्हणून ती पुनरावृत्ती. माहिती इथेही शाबूत आहे. सीएसव्ही (स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेल्या साध्या टेक्स्ट) फाइलवर डबल-क्लिक करून ती एक्सेलमध्ये उघडली की बहुधा हेच होतं. फाइल बंद करायची, नवीन वही उघडून डेटा टॅबमधून टेक्स्ट किंवा सीएसव्ही आयात करायची आणि फाइल ओरिजिनमध्ये ६५००१ हा यूटीएफ-८ चा पर्याय निवडायचा.

प्रश्नचिन्हं दिसत असतील तर गोष्ट गंभीर आहे. मराठी वर्ण ज्या पद्धतीत बसतच नाहीत, त्या पद्धतीत मजकूर साठवला गेलाय आणि प्रत्येक वर्णाच्या जागी खरोखरचं प्रश्नचिन्ह लिहिलं गेलंय. एक्सेलमधून साधी सीएसव्ही म्हणून सेव्ह केलं तर असं होतं. त्याच यादीत सीएसव्ही यूटीएफ-८ हा वेगळा पर्याय असतो, तो निवडला जात नाही. मायएसक्यूएल या डेटाबेसमध्ये तक्ता लॅटिन-१ या जुन्या पाश्चात्त्य पद्धतीवर राहिला तरी हेच. कोणताही फॉन्ट किंवा कन्व्हर्टर ते परत आणू शकत नाही. मूळ प्रत नाहीतर बॅकअप शोधावा लागतो.

म्हणून नियमांत सगळ्यात वर, ठळक अक्षरांत हवं: प्रश्नचिन्हं दिसली तर ती फाइल सेव्ह करू नका, त्या तक्त्यात नवीन नोंदी करू नका, आधी इथे विचारा. लोक घाबरून दहा वेळा सेव्ह करतात आणि चांगली प्रतही घालवून बसतात. बाकी कुठलाही नियम राहिला तरी चालेल, हा राहू नये.

जुळणीकार

छपाईकडच्या प्रश्नांसाठी एवढ्याने भागणार नाही. श्रीलिपी, कृतिदेव, आयएसएम अशा फॉन्ट-सॉफ्टवेअरच्या जुन्या फाइलींत मजकूर युनिकोडमध्ये नसतोच. रोमन अक्षरांच्या जागांवर मराठी आकार बसवलेले असतात. फॉन्ट काढला की साधी रोमन अक्षरं आणि विरामचिन्हं यांची खिचडी उरते. रकाना म्हणतात ती तिरक्या रेघेच्या एची पुनरावृत्ती त्यात नसते, ही ओळखायची खूण.

अशा खिचडीला लोक कचरा समजून पुसतात आणि नुसतं चित्र टाकतात. खरं तर युनिकोडमध्ये रूपांतर करणाऱ्या कन्व्हर्टरला तीच लागते. पण सोबत फॉन्टचं पूर्ण नाव हवं, अंकांसकट. "श्रीलिपीचा फॉन्ट आहे" याचा उपयोग नाही. प्रत्येक कुटुंबाची मांडणी निराळी आहे, एकाचा रूपांतर-तक्ता दुसऱ्याला लावला की अर्धी अक्षरं बरोबर येतात आणि उरलेली शांतपणे चुकतात. शांतपणे चुकलेलं मुद्रितशोधनात निसटतं. फॉन्टची फाइल मात्र कुणी जोडू नये असं स्पष्ट लिहा. बरेच फॉन्ट विकतचे असतात. नाव पुरेसं आहे.

पीडीएफमधून मजकूर काढताना वेलांट्या इकडेतिकडे गेल्याची तक्रार असेल तर पीडीएफ कोणत्या सॉफ्टवेअरमधून बनली ते विचारा. ॲक्रोबॅट रीडरमध्ये कंट्रोल-डी दाबलं की गुणधर्मांची खिडकी उघडते, त्यातल्या फॉन्ट टॅबचा स्क्रीनशॉट मागा. तिथे जुन्या फॉन्टचं नाव दिसलं तर कन्व्हर्टरचा प्रश्न, युनिकोड फॉन्ट दिसला तर आकारांवरून वर्णांकडे जाण्याचा नकाशा पीडीएफमध्ये नीट नाही असं समजायचं.

इनडिझाइन या पानजुळणीच्या सॉफ्टवेअरमध्ये जोडाक्षरं फुटून हलन्त दिसतोय आणि पहिली वेलांटी अक्षराच्या उजवीकडे पडतेय, हा प्रश्न तर सारखा येतो. फॉन्ट बदलत बसण्याआधी परिच्छेद पॅनेलच्या मेनूत वर्ल्ड-रेडी कंपोझर (देवनागरीसारख्या लिप्या नीट जुळवणारा पर्याय) निवडलाय का, ते तपासून लिहा, असं नियमातच घाला. पेजमेकर हे जुनं पानजुळणीचं सॉफ्टवेअर असेल तर ते आधीच सांगावं. त्यात युनिकोड मराठी चालत नाही, तेव्हा उत्तराची दिशाच बदलते.

आणि एक. शेवटी काय करायचंय ते विचारा. "श्रीलिपीची फाइल युनिकोडमध्ये कशी करू" असं विचारणाऱ्याला कित्येकदा ती फक्त दुसऱ्या संगणकावरून छापायची असते. त्याला रूपांतराची गरज नाही, फॉन्ट आत बसवलेली पीडीएफ केली की भागतं. दोनशे पानं रूपांतरित करून पुन्हा तपासायची मेहनत वाचते.

इनस्क्रिप्टवाली

खासगी माहितीबद्दल. "नावं बदलून टाका" एवढंच लिहिलं तर आपलंच नुकसान आहे. नाव बदलण्यासाठी माणूस तो रकाना पुन्हा टाइप करतो, स्वतःच्या कीबोर्डने. बिघडलेले वर्ण पुसले जातात, नमुना निरोगी होतो आणि आपण म्हणतो, "आमच्याकडे तर चालतंय." नियम असा ठेवा: मूळ फाइलची प्रत काढा, त्यात नावाचे, मोबाइलचे, आधारचे रकाने पूर्ण काढून टाका, बिघाड असलेल्या गाव, विषय, पद अशा रकान्यातल्या ३ ते ५ ओळी कॉपी करून ठेवा. काहीही नव्याने टाइप करू नका. एक्सेलमध्ये रकाना लपवणं म्हणजे काढणं नव्हे, उघडणाऱ्याला तो परत दाखवता येतो.

बिघाड नावातच असेल तर पूर्ण नाव द्यायची गरज नाही. बिघडलेलं एक अक्षर त्याच्या पुढच्या-मागच्या अक्षरासकट कॉपी केलं की पुरे.

चित्रावर झाकताना भरीव काळा चौकोन टाकून ते चित्र म्हणून नव्याने साठवावं. धूसर केलेले आकडे कधीकधी वाचता येतात. पीडीएफवर नुसता काळा चौकोन काढला तर खालचा मजकूर तसाच राहतो आणि निवडून कॉपी होतो. पीडीएफ जोडण्याऐवजी तेवढ्या भागाचा स्क्रीनशॉट घ्यावा: विंडोज, शिफ्ट आणि एस एकत्र. मोबाइलने पडद्याचा फोटो काढू नये. आडव्या पट्ट्यांमध्ये अनुस्वार आहे की धूळ, ते कळत नाही, आणि आपल्याकडे अनुस्वारावरच प्रश्न अडलेला असतो.

नियमांचं लांब पान कुणी वाचत नाही. प्रश्न टाकायच्या चौकटीतच हे मथळे आधीपासून भरलेले ठेवा, म्हणजे माणूस पुढे लिहीत जातो.

कानामात्रा

सगळ्यांचं धरून चौकटीत आधीपासून ठेवायचा मजकूर असा केला आहे:

> शीर्षक: सॉफ्टवेअर, आवृत्ती, कृती, दिसणारं लक्षण. उदा. "एक्सेल २०१६: सीएसव्ही उघडल्यावर मराठीच्या जागी रोमन चिन्हं"
> शेवटी काय साधायचंय:
> काय दिसतं: चौकोन / रोमन चिन्हं / प्रश्नचिन्हं / जोडाक्षर फुटलेलं
> विंडोज, मॅक, लिनक्स की फोन, आवृत्ती (विंडोजवर रनमध्ये विनव्हर लिहून कळते):
> फॉन्टचं पूर्ण नाव:
> कीबोर्ड: इनस्क्रिप्ट / फोनेटिक / रेमिंग्टन / ठाऊक नाही, मजकूर दुसऱ्याकडून आला
> फाइल कशातून बनली आणि कशात उघडली:
> जोडलेलं: स्क्रीनशॉट आणि ३ ते ५ ओळींची फाइल, दोन्ही
> आत्तापर्यंत काय करून पाहिलं:

प्रश्नचिन्हांचा इशारा चौकटीच्या वर लाल रंगात. "ठाऊक नाही" हे उत्तर सगळीकडे चालेल, रिकामं सोडलेलं चालणार नाही. एखादी बाब राहिली तर पहिल्या प्रतिसादात फक्त तेवढीच मागायची, "नियम वाचा" असं लिहून सोडून द्यायचं नाही, हे उत्तर देणाऱ्यांसाठी.

रकाना

"काय दिसतं" मध्ये पाचवा पर्याय घाला: नीट दिसतं, पण शोधात सापडत नाही किंवा जुळत नाही. अर्धारनी सांगितलेला "दुसऱ्या" वाला माणूस यात कुठेच खूण करू शकणार नाही. तो पर्याय निवडला की एलईएनने मोजलेली दोन्ही शब्दांची लांबी विचारा.

कानामात्रा

घातला. लांबीची ओळ तो पर्याय निवडल्यावरच उघडेल अशी ठेवली आहे.