टर्म विम्यात नॉमिनी कोणाला करावे?

केळीबाग_रावेर: ५० लाखांचा टर्म विमा (ठरावीक मुदतीत मृत्यू झाला तरच रक्कम देणारा) घेत आहे, हप्त्यासाठी वर्षाला १२ हजारांहून अधिक काढता येणार नाहीत. घरी पत्नी, ९ व ४ वर्षांची मुले आणि माझ्यावरच अवलंबून असलेली विधवा आई आहे. सोसायटीचे पीककर्जही आहे. नॉमिनी, म्हणजे माझ्यामागे विम्याची रक्कम ज्याच्या हाती जाईल तो, कोणाला करावे, हिस्से कसे ठेवावेत?

भुसावळ_रेल्वे: दादा, ५० लाख कमी पडतील. मी सरळ एक कोटीचा घेतला, पूर्ण रक्कम पत्नीच्या नावे. हप्ता वाढला तरी हात आखडू नका.

अमळनेरची_ताई: हप्त्याची मर्यादा त्यांनी आधीच सांगितली आहे. माझ्या वडिलांच्या लग्नाआधीच्या पॉलिसीवर काकांचेच नाव राहिले, रक्कम त्यांच्या खात्यात गेली आणि आईला हक्कासाठी कोर्टाची पायरी चढावी लागली. भावाचे नाव मुळीच देऊ नका.

धुळे_वकिली: सरबती देवी प्रकरणात १९८४ साली सर्वोच्च न्यायालयाने म्हटले होते की, नॉमिनी रक्कम केवळ स्वीकारतो, हक्क वारसांचाच राहतो. मात्र २०१५ च्या दुरुस्तीनंतर विमा कायद्याच्या कलम ३९ प्रमाणे आईवडील, पती-पत्नी किंवा मुले नॉमिनी असतील, तर रकमेचा लाभ त्यांचाच होतो. भाऊ त्या यादीत नाही.

भुसावळ_रेल्वे: आमचे एजंट तर नॉमिनी म्हणजे मालक नव्हे, असेच सांगतात.

धुळे_वकिली: भाऊ-पुतण्यांबाबत ते आजही लागू आहे, पत्नीबाबत नाही.

शहादा_कापूस: कर्ज आहे म्हणता, तर १८७४ च्या विवाहित स्त्रियांच्या मालमत्तेच्या कायद्याखाली पॉलिसी घ्या, म्हणजे देणेकऱ्यांना त्या रकमेला सहसा हात लावता येत नाही. ही निवड प्रस्ताव भरतानाच करावी लागते. आमच्याकडे कापसाचा भाव पडला त्या वर्षी वसुलीवाले दारात बसले होते, म्हणून कळकळीने सांगतो. मुलांना नॉमिनी केलेत, तर ती अज्ञान (१८ वर्षांखालील) असेपर्यंत त्यांच्या वतीने रक्कम घेणारा अपॉइंटीही नेमा.

अमळनेरची_ताई: भुसावळच्या दादांप्रमाणे मीही म्हणते, सगळे पत्नीच्या नावे करा.

केळीबाग_रावेर: सर्वांचे आभार. १८७४ च्या कायद्याचा लाभ पत्नी आणि मुलांनाच देता येतो, आईला त्यात स्थान नाही. शिवाय पुढे नाव बदलणेही सोपे राहत नाही. म्हणून साधे नामनिर्देशन करून पत्नीला ६० आणि आईला ४० टक्के ठेवत आहे. आईने उतारवयात औषधांसाठी कोणापुढे हात पसरावा, हे मला मान्य नाही. विमा ५० लाखांचाच राहील.

भुसावळ_रेल्वे: तरीही एकदा एक कोटीचा विचार कराच.