भरताच्या वांग्यात शेंडे माना टाकतायत, फवारणी लागू पडत नाही

खान्देश_मळा
यावल तालुक्यात भरताच्या हिरव्या वांग्याचा पाऊण एकर प्लॉट आहे. काळी जमीन, ठिबक. पीक फुलावर आहे, पहिला तोडा दोन आठवड्यांवर आलाय. कोवळे शेंडे माना टाकतायत आणि सुपारीएवढ्या फळांनाही भोकं दिसू लागलीत. सायपरमेथ्रीन मारलं तरी फरक नाही, उलट पानांमागे पांढरी माशी वाढली. शिवाय काही झाडांची पानं अगदी बारीक होऊन झाड खराट्यासारखं गच्च झालंय, फूलच धरत नाही. उताराच्या बाजूची चार-सहा झाडं उभ्या उभ्या सुकली. तिन्हीवर एकच औषध चालेल का? दुकानदार क्लोरँट्रानिलीप्रोल घ्या म्हणतो.

कीड_निरीक्षण
भाऊ, ही तीन वेगळी दुखणी आहेत, एका औषधात बसणार नाहीत. मी शेंड्याचं सांगतो, कारण पैसे तिथेच सगळ्यात जास्त जातात.

मान टाकलेला शेंडा ब्लेडने उभा चिरा. आत गुलाबीसर अळी आणि काळपट विष्ठा सापडली, की शेंडे व फळे पोखरणारी अळी नक्की. पतंग पानाच्या खालच्या बाजूला, कळीवर, देठाच्या टोपीवर सुटं सुटं अंडं घालतो. तीन ते पाच दिवसांत अळी बाहेर येते आणि थोड्याच वेळात आत शिरते. फळात ती टोपीखालून शिरते, ते छिद्र विष्ठेने बुजतं, म्हणून दिसतच नाही. तुम्हाला दिसतंय ते मोठं भोक बहुधा अळी बाहेर पडल्याचं आहे. आत गेलेल्या अळीपर्यंत स्पर्शजन्य, म्हणजे अंगाला लागूनच मारणारं औषध पोचत नाही, म्हणून सायपरमेथ्रीन वाया गेलं. त्याने मित्रकीटक मात्र मेले, आणि पांढरी माशी त्याचमुळे वाढली. ते आता पूर्ण बंद करा.

आठवड्यातून एकदा, न चुकता, सुकलेला शेंडा खालच्या दोन बोटं हिरव्या भागासकट कापा. किडकी फळंही काढा. बांधावर टाकू नका: अळी तिथून निघून पालापाचोळ्यात कोष करते आणि आठ-दहा दिवसांत पतंग पुन्हा तुमच्याच प्लॉटमध्ये. प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून उन्हात ठेवा, नाहीतर फूटभर खोल पुरा. गेल्या हंगामातली वांग्याची वाळकी झाडं सरपणाला बांधावर रचलेली असतील तर आधी ती हलवा. पतंगांचा मोठा साठा तिथेच असतो.

सोबत कामगंध सापळे, म्हणजे मादीच्या वासाने नर पतंगाला ओढणारे. नुसतं लक्ष ठेवायला एकरी चार-पाच पुरतात, पण नर पकडून संख्या कमी करायची तर दहा-दहा मीटरवर एक, म्हणजे एकरी ४०. तुमच्या पाऊण एकराला ३०. पाणी सापळा घ्या, शेंड्याच्या उंचीला बांधा, पाण्यात चिमूटभर धुण्याची पावडर टाका.

फवारणीत आधी ५ टक्के निंबोळी अर्क. ५ किलो निंबोळी पावडर १० लिटर पाण्यात रात्रभर भिजवा, सकाळी फडक्याने गाळा, २०० ग्रॅम साबण विरघळवून घाला आणि एकूण १०० लिटर करा. त्याच दिवशी संध्याकाळी संपवा.

क्लोरँट्रानिलीप्रोल १८.५ एससी चांगलं आहे, प्रमाण ०.४ मिली प्रति लिटर. पण लेबल वाचा: वांग्यावर शेवटची फवारणी आणि तोडणी यांत २२ दिवस हवेत. तुमचा तोडा दोन आठवड्यांवर, पुढे दर चार-पाच दिवसांनी माल. मग ते बसवणार कुठे? आता इमामेक्टीन बेंझोएट ५ एसजी, ०.४ ग्रॅम प्रति लिटर, थांबा ३ दिवसांचा. तोडा झाला की लगेच मारा, आणि पाठोपाठ तेच ते वापरू नका.

रोपवाटिका_नगर
बारीक पानांची झाडं म्हणजे बोकड्या, पर्णगुच्छ म्हणतात तो. कारण फायटोप्लाझ्मा, म्हणजे जिवाणूसारखा सूक्ष्मजीव. झाड बरं होत नाही, खत-टॉनिक घालून उपयोग नाही. उपटून जाळा, आजच. शेजारी निरोगी दिसणाऱ्या झाडावर तो हिशिमोनस नावाच्या तुडतुड्याने जातो. त्याच्या पंखांवर तपकिरी डाग असतो. पानांच्या कडा पिवळ्या करून वर वळवणारा हिरवा तुडतुडा वेगळा. बांधावरचा धोत्रा आणि सदाफुली काढा, हा रोग त्यांच्यावरही टिकतो. खोडवा ठेवणार असाल तर ही झाडं चुकूनही राखू नका.

लाल_माती_कोकण
सुकलेल्या झाडांसाठी आधी ग्लासची परीक्षा करा. झाड नुकतंच मलूल झालेलं हवं, वाळलेलं नको. बुंध्याजवळचा बोटभर तुकडा कापून काचेच्या ग्लासात स्वच्छ पाण्यात टोक बुडेल असा धरा, हलवू नका. दोन-पाच मिनिटांत दुधाळ धागे खाली उतरले तर जिवाणूजन्य मर. आमच्याकडच्या आम्लधर्मी जमिनीत ती नेहमीची.

धागे आले नाहीत, खालची पानं आधी पिवळी पडली आणि खोड चिरल्यावर आत तपकिरी रेघ दिसली, तर बुरशीजन्य मर. तुमच्या काळ्या जमिनीत, तेही उताराला पाणी साचत असेल, तर मला हीच शंका जास्त. चर काढा, ठिबकचा वेळ कमी करा, शेणखतात वाढवलेली ट्रायकोडर्मा ही मित्रबुरशी बुंध्याशी द्या. मुळं उपटून पाहा. गाठी दिसल्या तर सूत्रकृमी (मुळांत शिरणारे सूक्ष्म कृमी) आहेत आणि मरीला वाट त्यांनीच करून दिली.

जिवाणू निघाला तर झाड मुळाभोवतीच्या मातीसकट काढा. त्या जागी टोमॅटो, मिरची, बटाटा नको. पुढे सोलॅनम टॉर्वम या रानवांग्याच्या खुंटावर कलम केलेली रोपं मिळाली तर बघा.

खान्देश_मळा
ग्लासात काही उतरलं नाही, खोडात तपकिरी रेघ आहे. चर काढतो. सापळ्याला दुकानात हरभऱ्याच्या घाटेअळीचा ल्यूर (सापळ्यातली गंधाची गोळी) आहे, तो चालेल का?

कीड_निरीक्षण
नाही. प्रत्येक किडीचा गंध वेगळा, त्यात वांग्याचा पतंग एकही येणार नाही. पाकिटावर ल्युसिनोडस, म्हणजे या वांग्याच्या अळीचं शास्त्रीय नाव, लिहिलेलं बघूनच घ्या, आणि चार ते सहा आठवड्यांनी बदला. पाकीट फोडताना हाताला तंबाखू किंवा औषधाचा वास नको.