विडी न ओढणाऱ्यांनापण सीओपीडी होतो
एकानं लिहिलंय की दम लागणाऱ्या पेशंटला आधी विडी-सिगारेटचं विचारावं, आणि नाही म्हटला की सीओपीडी (श्वासनळ्या कायमच्या अरुंद होऊन दम लागायचा फुफ्फुसाचा आजार) नसणारच म्हणून सोडून द्यावा. पहिलं बरोबर, दुसरं मला अजिबात पटत नाही. आमची आत्या खानापूर तालुक्यातली, जन्मात विडीला हात लावला नाही, पण चाळीस वर्षं चुलीपुढं बसून फुंकणीनं जाळ केला, आणि तिकडचा पाऊस म्हणजे लाकडं ओली, दारं बंद, सगळा धूर घरातच. कितीतरी वर्षं नुसती खोकल्याची औषधं चालली, फुंकायची टेस्ट कुणी केलीच नाही. शेवटी बेळगावात स्पायरोमेट्री, म्हणजे तीच फुंकायची टेस्ट, झाली, श्वासनळ्या मोकळ्या करणाऱ्या औषधाचा पंप देऊन पंधरा-वीस मिनिटांनी परत फुंकायला लावलं, तरी पहिल्या सेकंदात बाहेर पडलेली हवा एकूण हवेच्या 70 टक्क्यांच्या खालीच, तेव्हा कुठं सीओपीडी कळला.

म्हणून विडीबरोबर चूल किती वर्षं, लाकूड का शेणी, स्वयंपाकघराला खिडकी आहे का, हेपण विचारा. निपाणीकडच्या बायकांना तंबाखूच्या वखारीत काम केलंय का तेही, तिथली धूळ वर्षानुवर्षं नाकातोंडात जाते. आत्या आता गॅसवर करते, पंप स्पेसर (पंपाला लावायची पोकळ नळी) लावून घेते, पण अंघोळीच्या पाण्याला चूल अजून पेटतेच, ती बंद करायला आम्ही मागं लागलोय.