मदत हवी आहे: पोरगं गेममधून कन्नड बोलायला शिकलं, खरं वाचता-लिहिता येईना

नमस्कार मंडळी. बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातून लिहितेय. मुलगा नववीला, मराठी मीडियम. घरात मराठी, गल्लीत मराठी, त्यामुळे कन्नड म्हणजे शाळेतला एक पिरियड आणि गाइडमधली पाठ केलेली उत्तरं, एवढंच होतं. आता झालंय काय, पोरगं फ्री फायर मॅक्स खेळतंय (जुना फ्री फायर २०२२ ला सरकारनं बंद केला तरी हा चालूच आहे, असो) आणि स्क्वाडमधली (गेममधल्या टीममधली) पोरं सगळी हुबळी-धारवाडकडची. माइक चालू करून "हिंद अदान नोडो, इल्ली बारो" असा आरडाओरडा, आणि वर रील्स पण त्याच भाषेतली. परवा बेळगावला गेलो तर स्टँडवर कंडक्टरशी फाडफाड कन्नड बोललं, मी बघतच राहिले. खरं समोरच्या बसची पाटी वाच म्हटलं तर मान खाली.

गृहपाठ वॉट्सॅप ग्रुपवर येतो, सर फळ्याचा फोटो टाकतात. हा त्यावर गूगल लेन्स धरतो, मराठीत अर्थ बघतो आणि मग अक्षरं चित्रासारखी वहीत उतरवतो. वही सुंदर, डोक्यात काही नाही. दहावी एका वर्षावर आली, तिथं पेपर हातानं लिहायचाय.

ह्यांचं म्हणणं फोन कपाटात टाका आणि कुलूप लावा. मला ते पटत नाही, कारण इतक्या वर्षांत शाळेत जे तोंडात बसलं नाही ते गेमनं बसवलं. डुओलिंगोवर बघितलं, मराठीतून कन्नड शिकायचं काही सापडलं नाही. कुणाच्या मुलांचं असं झालंय का? बोलण्यावरून लिहिण्याकडं कसं आणायचं?

निपाणीकर:
ताई, आमच्या पुतण्याचं डिट्टो हेच. तो चॅटमध्ये काय टाइप करतो ते एकदा बघा. ही पोरं कन्नड इंग्रजी अक्षरात लिहितात, त्यामुळे दिवसभर कन्नडमध्ये बोलून पण कन्नड अक्षर डोळ्यासमोर येतच नाही. फोन काढून घेतला तर बोलणं पण जाईल, लिहिणं काय आपोआप येणार नाही.

सीमाभागातली बाई (कन्नड शिकवते):
वर्णमालेला घाबरू नका, क ख ग घ हा क्रम आपलाच आहे. मराठी पोरं अडकतात ती दोन ठिकाणी. एक, ओत्तक्षर. आपण जोडाक्षरात पहिलं अक्षर अर्धं करतो, कन्नडमध्ये पहिलं पूर्ण राहतं आणि दुसरं त्याच्या खाली बसतं. आणि त, न, म, य, र, ल ही खाली गेली की रूपच बदलतात. म्हणून रोज बोलतो तो "इल्ला" लिहायला सांगितला की पोरगं गप्प. दुसरं म्हणजे ए आणि ओ. कन्नडमध्ये दोन्ही ऱ्हस्व पण आहेत, दीर्घ पण. "एरडु" म्हणजे दोन, त्यातला ए छोटा. "एळु" म्हणजे सात, त्यातला लांब. आपल्या कानाला हा फरक पटकन कळत नाही, म्हणून शुद्धलेखनात मार्क जातात. तुमच्या मुलाला निदान कान तरी तयार मिळालाय, आमच्या वर्गात बाकीच्यांचं तिथूनच सुरू करावं लागतं. आधी ओत्तक्षराचा तक्ता करून घ्या, त्यानं रोज बोललेलेच शब्द घालून. धड्यातले नंतर.

बेळगावचा पोरगा:
काकू, जीबोर्डमध्ये (फोनवरचा गूगलचा कीबोर्ड) कन्नड भाषा ॲड करा आणि लेआउट निवडताना हँडरायटिंग घ्या. इंग्रजी अक्षरं टाकून कन्नड करणारा लेआउट नको, त्यानं काही शिकणार नाही. हँडरायटिंगमध्ये बोटानं अक्षर काढावं लागतं, बरंच चुकलं तर भलताच शब्द येतो. स्क्वाडच्या ग्रुपवर त्यातूनच मेसेज टाकायचा, एवढी एकच अट घाला.

गल्लीतला काका:
हे सगळं ठीक आहे, खरं पेपर पेननं लिहायचा असतो, बोटानं नव्हे. रोज पानभर शुद्धलेखन, मगच गेम. आमच्या वेळी…

(मूळ लेखिका):
सगळ्यांचे आभार. काका, शुद्धलेखन पण लावते, भांडण नको 😄. बाई, तक्ता आजच करायला बसवते. त्या बेळगावच्या पोराला एक विचारायचंय, आमच्याकडं रेंज जाते-येते, ते हँडरायटिंग नेट नसताना चालतं का? आणि कन्नड गाणी अक्षरांसकट दिसतील असे साधे व्हिडिओ कुणी सुचवा, इंग्रजी लिपीतले नकोत.