नगरधनची गोरजवेळ
नागपूरजवळच्या नगरधन किल्ल्याचे फोटो काढायला ट्रायपॉड घेऊन सूर्यास्ताला पोहोचले तरी पुरे, असे सुचवले जाते. त्यातली वेळ मला पटत नाही; ट्रायपॉडचा आग्रह मात्र योग्यच आहे. नागपूरच्या अक्षांशावर, म्हणजे सुमारे २१ अंश उत्तरेला, सूर्य मावळल्यापासून क्षितिजाखाली ६ अंश जाईपर्यंत जेमतेम २२ ते २५ मिनिटे मिळतात, आणि तटाचे दगड व मागचे निळे आकाश दोन्ही तपशिलासह एकाच चौकटीत पकडण्याचा अवधी त्याहूनही थोडा असतो.

शिवाय वाकाटक या प्राचीन राजघराण्याची राजधानी नंदिवर्धन मानल्या जाणाऱ्या या गावाचे खरे देखणेपण मला गुरे परततानाच्या धुळीत दिसले: सूर्य समोर ठेवून एक्स्पोजर एक स्टॉप कमी केले, म्हणजे कॅमेऱ्यात निम्माच प्रकाश घेतला, की शिंगांच्या आणि पाठीच्या कडा सोनेरी उजळतात. त्यासाठी सूर्यास्ताच्या तासभर आधी पोहोचावे आणि गुराख्यांना विचारूनच कॅमेरा उचलावा.