जोआन कापदेविला : विश्वविजेता की विश्वविजेत्यांचा सहप्रवासी?

नाक्यावरचा पंच

परवा ऑफिसात डबा खाताना पैज लागली. २०१० च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात स्पेनचे कोणते अकरा जण उतरले होते ते सांगायचं. कासियास, रामोस, पिके, पुयोल, बुस्केट्स, झाबी अलोन्सो, झावी, इनिएस्ता, पेद्रो, व्हिया. दहा झाले आणि गाडी अडली. कुणी तोरेस म्हणालं, कुणी फाब्रेगास. ते दोघे नंतर बदली म्हणून आले. शेवटी फोन काढावा लागला. डावा बचावपटू, जोआन कापदेविला. (जोआन हे कातालान पुरुषाचं नाव आहे, बाईचं नव्हे. हाही खुलासा करावा लागला.)

तर माझं म्हणणं सरळ आहे. इतका नशीबवान विश्वविजेता मी तरी पाहिलेला नाही. त्या अकरांत सात बार्सिलोनाचे (व्हियाचा करार नुकताच झाला होता, तोही धरून), तीन रेआल माद्रिदचे आणि हा एकटा व्हियारेआलचा. लग्नाच्या पंगतीत दोन्हीकडच्या नातेवाइकांमध्ये एक शेजारी बसलेला असतो ना, तसा.

कारकीर्द बघा. एस्पान्योलमधून वर आला आणि १९९९ मध्ये अॅटलेटिको माद्रिदला गेला, तर त्याच मोसमात अॅटलेटिको खालच्या डिव्हिजनमध्ये घसरलं. २००० च्या उन्हाळ्यात देपोर्तिव्होत आला, तेव्हा त्यांनी आदल्याच मोसमात लीग जिंकलेली. म्हणजे हा पोचेपर्यंत वरात निघून गेली होती. सात वर्षं तिथे, मग चार वर्षं व्हियारेआल. स्पेनची लीग हातात कधी आलीच नाही. २०११ ला बेन्फिकात गेला आणि तिथे बहुतेक वेळ बाकावर. पुन्हा एस्पान्योल, मग आपली गुवाहाटी, मग बेल्जियम, शेवटी अँडोरा. ही चांगल्या, मेहनती, दुसऱ्या फळीतल्या खेळाडूची कारकीर्द आहे. तिच्यावर युरो २००८ आणि विश्वचषक २०१० ही दोन पदकं कुणीतरी चुकून अडकवल्यासारखी वाटतात.

पटत नसेल तर मुद्दे घेऊन या. "तुम्हाला फुटबॉल कळत नाही" हा मुद्दा धरला जाणार नाही.

कोल्हापुरी फुलबॅक

मुद्दा घ्या मग. सात सामन्यांत स्पेननं खाल्लेले गोल दोन. एक स्वित्झर्लंडच्या गेल्सन फर्नांडेसचा, एक चिलीच्या मियारचा. बाद फेरीतल्या चारही सामन्यांत शून्य, आणि चारही सामने १-० ने जिंकलेले. म्हणजे पुढच्यांनी गोलांची पोती ओतली म्हणून हा कप आलेला नाही. मागच्यांनी दार लावून धरलं म्हणून आला. आणि ते मागचे चौघे, रामोस, पुयोल, पिके, कापदेविला, सातही सामन्यांत सुरुवातीला तेच होते. एकदाही बदल नाही. तीन भिंती पक्क्या आणि चौथी नशिबानं उभी, असं घर असतंय होय?

मी स्वतः पेठेच्या टीमकडून बारा वर्षं लेफ्ट बॅक खेळलो. कारण एकच, डाव्या पायाचा होतो. कोल्हापुरात मॅच बघायला येणारी मंडळी फॉरवर्डला खांद्यावर घेतात. लेफ्ट बॅकची आठवण फक्त त्याच्या बाजूनं गोल बसला की होते, आणि तेव्हा आईबापाचा उद्धार होतो. त्या हिशेबानं सात सामने कुणी नाव घेतलं नाही म्हणजे पोरगा लई भारी खेळला.

नाक्यावरचा पंच

"नाव आलं नाही म्हणजे भारी खेळला" हे छान आहे. उद्या माझा बॉसही मला ओळखत नाही, म्हणजे बढती पक्की!

दोन गोल खाल्ले, कबूल. पण स्पेनच्या बचावाचं गुपित असं होतं की चेंडूच समोरच्याला मिळत नव्हता. झावी, इनिएस्ता आणि बुस्केट्स पाऊण वेळ चेंडू फिरवत ठेवणार, मागच्यांनी उभं राहायचं. शिवाय उपांत्य सामन्यात जर्मनीचा थॉमस म्युलर निलंबित होता. तो कुठे खेळायचा? उजवीकडे. म्हणजे बरोब्बर कापदेविलाच्या समोर. याला नशीब नाही तर काय म्हणायचं?

आणि मुख्य गोष्ट. स्पेनचा प्रशिक्षक देल बोस्केनं नेलेल्या तेवीस जणांत डाव्या पायाचा अस्सल लेफ्ट बॅक हा एकच होता. स्पर्धाच नव्हती. एकाच उमेदवाराच्या निवडणुकीत बिनविरोध आला आणि तुम्ही गुलाल उधळताय.

मडगावकर

बिनविरोध निवडून येणं सोपं असतं असं ज्याला वाटतं त्याने गावची पंचायत पाहिलेली नाही.

पर्याय होता हो. अर्बेलोआ संघात होता आणि तो दोन्ही बाजूंना खेळायचा. २००७ मध्ये लिव्हरपूलमध्ये नवीन असताना त्याला बार्सिलोनाच्या कॅम्प नू मैदानावर थेट मेस्सीसमोर डावीकडे उभा केला होता, आणि लिव्हरपूल तो सामना २-१ ने जिंकलं. असा माणूस बाकावर असताना प्रशिक्षक सात वेळा कापदेविलालाच उतरवतो, हे नाइलाजाने नव्हे. एका जागेसाठी एकच माणूस नेणं ही जोखीम असते. ज्याच्यावर डोळे मिटून भरवसा असतो त्याच्याच बाबतीत ती घेतात.

म्युलरचं खरं. पण अंतिम सामन्यात समोर कोण होता तेही लिहा की. हॉलंडचा रॉबेन!

तिरपा पास

रॉबेनचं नाव काढलंत म्हणून. त्याला दोन मोकळ्या संधी मिळाल्या. पहिली स्नायडरच्या पासवर, तिथे गोलकीपर कासियासच्या पायाला चेंडू लागला म्हणून वाचले. दुसरी शेवटच्या दहा मिनिटांच्या आसपास, पुन्हा कासियासच. रॉबेन उजव्या विंगचा, म्हणजे त्याची जबाबदारी लेफ्ट बॅकची. मग साहेब कुठे होते?

आणि मला तर त्या पूर्ण विश्वचषकात हा माणूस एकदाच ठळक दिसला, पोर्तुगालविरुद्ध. रिकार्दो कोस्ताचा हात लागला न लागला आणि हा असा कोसळला की मला वाटलं आता स्ट्रेचर येणार. ८९ व्या मिनिटाला कोस्ताला लाल कार्ड. संगीत नाटकातल्या मरणाच्या प्रवेशालासुद्धा इतका वेळ लागत नाही.

कोल्हापुरी फुलबॅक

कोस्ताचं मान्य. तिथं गडी जरा जास्तच पडला. आम्हीपण पडायचो, फक्त आमच्याकडं क्यामेरा नव्हता.

रॉबेनचं अजिबात मान्य नाही. दोन्ही संधी परत बघा. दोन्ही वेळा रॉबेन आपली विंग सोडून मधून पळालाय. पहिल्यात स्नायडरचा पास मधल्या दोघांना चिरून गेला, दुसऱ्यात तो पुयोलशी झटत पुढं निघाला. मधल्या पट्ट्यातला माल मधल्यांच्या खात्यात लिहायचा. उलटा प्रश्न विचारा : रॉबेनला मधे यावं का लागलं? त्याचा आवडता धंदा काय, तर उजव्या कडेला चेंडू घ्यायचा, आत वळायचं, डाव्या पायानं मारायचं. सगळ्या दुनियेला माहीत असून कुणाला अडवता येत नव्हतं. त्या दिवशी ते दुकान किती वेळा उघडलं, मोजा. एका पिवळ्या कार्डाची किंमत मोजली कापदेविलानं, ६७ व्या मिनिटाला. पण दुकान बंद ठेवलं.

सरस्वतीबाई

फुटबॉल मला मुलामुळे कळायला लागला, तेव्हा चुकलं तर सांभाळून घ्या.

मूळ लेखात "दुसऱ्या फळीतला" हा शब्द खटकला. व्हियारेआल हे जेमतेम पन्नास हजार वस्तीचं गाव. २००७-०८ मध्ये, कापदेविलाच्या तिथल्या पहिल्याच मोसमात, ते लीगमध्ये दुसरे आले. बार्सिलोनाच्या वर. पुढच्या वर्षी चॅम्पियन्स लीगची उपांत्यपूर्व फेरी. २००८ च्या युरो संघात त्या गावचे तिघे होते, सेना, काझोर्ला आणि कापदेविला. दोन वर्षांनी सेनाची निवड झाली नाही, काझोर्ला दुखापतीने हुकला, म्हणून हा एकटा उरला. पंगतीत शेजारी बसला नव्हता हो, बरोबरचे दोघे उठून गेले होते.

आणि गोलांचंच कौतुक असेल तर नोव्हेंबर २००७, माद्रिदचं बेर्नाबेऊ मैदान, स्वीडनविरुद्ध ३-०. स्पेन त्या सामन्यात युरोला पात्र ठरलं. पहिला गोल कापदेविलाचा होता. त्याआधी २००० च्या सिडनी ऑलिंपिकचं रौप्यपदक, झावी आणि पुयोलबरोबर. साठ आंतरराष्ट्रीय सामने नशिबाने खेळता येत नाहीत. एखादा येतो.

नाक्यावरचा पंच

सरस्वतीबाई, सांभाळून घ्यायची गरज मलाच पडणार असं दिसतंय. पंगतीची उपमा मागे घेतो. साठ सामनेही मान्य.

पण मूळ प्रश्न तसाच आहे. चार-पाच फुटबॉलवेडी माणसं, कुणालाच नाव आठवलं नाही. खेळ लोकांच्या आठवणीत उरतो ना शेवटी?

अर्धवेळ

१९८३ चा आपला संघ सांगा. कपिल, गावसकर, अमरनाथ, श्रीकांत धडाधड येतील. यशपाल शर्मा किती जणांच्या तोंडी येतो? इंग्लंडविरुद्धच्या उपांत्य सामन्यात आपल्याकडून सर्वाधिक धावा त्याच्या, ६१. पहिल्या सामन्यात वेस्ट इंडीजविरुद्ध ८९. आठवण हे माप धरलंत तर यशपालही सहप्रवासीच.

तिरपा पास

यशपालच्या धावा धावफलकावर छापलेल्या आहेत, कापदेविलाचं काय छापलंय? आणि लेफ्ट बॅक आठवत नाहीत हेही खोटं. त्याच सामन्यातला हॉलंडचा लेफ्ट बॅक आठवा. व्हान ब्रॉन्कहॉर्स्ट, कर्णधार. उपांत्य सामन्यात उरुग्वेविरुद्ध लांबून हाणलेला तो गोल जन्मात विसरणार नाही. अंतिम सामना त्याच्या कारकिर्दीतला शेवटचा. हरला, तरी आठवतो. कापदेविला जिंकला, तरी फोन काढावा लागतो.

(बाकावरून तुम्हाला उठवतो आता कोल्हापूरकर, या.)

कोल्हापुरी फुलबॅक

आलो. हा मुद्दा जरा लागला, खोटं कशाला बोलू.

पण भावा, स्पेनला डावीकडनं गोल मारणारा नको होता. उजवीकडं रामोस बघा, सारखा वर. दुसऱ्या हाफात नवास आल्यावर तर उजव्या बाजूला जत्राच. एका कडेचा फुलबॅक वर गेला की दुसऱ्यानं घर धरायचं, हे आमच्या पेठेतल्या पोरालाबी कळतं. गंमत म्हणजे देपोर्तिव्होत असताना हा स्वतः वर जाणारा, फ्री किक मारणारा गडी होता. ते सगळं गुंडाळून मागं राहिला. डावीकडं पुढं व्हिया आत वळायचा तेव्हा बाहेरची वाट धरायची, चेंडू मिळाला नाही तरी पळायचं, म्हणजे समोरचा राइट बॅक बाहेर ओढला जातो. असल्या पळण्याचे मार्क कुठल्या धावफलकावर लिहितात?

इशान्येचा पाहुणा

या धाग्यावर मला बोलायलाच हवं. २०१४ ला नोकरीनिमित्त गुवाहाटीत होतो. इंडियन सुपर लीगचा पहिला मोसम. पुण्याला त्रेझेगे, मुंबईला युंगबर्ग, गोव्याला पिरेस, दिल्लीला देल पिएरो, आणि नॉर्थईस्ट युनायटेडला कापदेविला. आमचे शेजारी म्हणाले, "बाकीच्यांना ओळखतो, हा कोण?" म्हटलं, अहो, हा विश्वचषक जिंकलेला आहे. त्यांना खरं वाटेना.

केरळविरुद्धचा पहिला सामना पाहिला, कोकेच्या गोलवर १-० ने जिंकलो. स्टेडियम फुल्ल, आरडाओरडा कानठळ्या बसवणारा. माझ्या आसपासचे मोबाईल मात्र मालकावर रोखलेले, म्हणजे जॉन अब्राहमवर. विश्वविजेता मैदानात आणि फोटो मालकाचे! तेव्हा तो छत्तिशीचा, वेग गेलेला. पण एक गोष्ट डोळ्यासमोर आहे : चेंडू पार पलीकडच्या कडेला असतानासुद्धा हा हात करून कुणाला तरी दोन पावलं मागे, कुणाला आत, असं सारखं हलवत होता. भाषा कुणाची कुणाला कळत नव्हती, हातवारे मात्र बरोबर पोचत होते.

मोसमाअखेर आम्ही तक्त्यात तळाला गेलो, ते सोडा.

मडगावकर

ते कसं सोडणार? :)

अवांतर : आमच्याकडे स्पॅनिश बचावपटू म्हटलं की कार्लोस पेन्या. २०१८ ला एफसी गोवात आला, सुपर कप जिंकला, मग २०१९-२० मध्ये लीग तक्त्यात पहिला नंबर, आणि नंतर संघाचा प्रशिक्षक होऊन परत आला. त्याच्याकडे ना युरो, ना विश्वचषक. पण आमच्या फातोर्ड्याच्या स्टेडियमवर त्याचं नाव आठवायला कुणाला फोन काढावा लागणार नाही. तेव्हा आठवणीचं गणित गावागावाप्रमाणे बदलतं. कापदेविलाबद्दल देपोर्तिव्होच्या ला कोरुन्यात आणि व्हियारेआलात विचारा, तुमच्या ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये नको.

नाक्यावरचा पंच

काल रात्री जेवणानंतर अंतिम सामना पुन्हा लावला. ठरवून एकच केलं, चेंडू बघायचा नाही, फक्त अकरा नंबर बघायचा. (लेफ्ट बॅक असून अकरा नंबर, हेही आधी कधी ध्यानात आलं नव्हतं.) बायको म्हणाली, "गोल कुणी मारला माहीत असलेला सामना कोण बघतं?" तिला लेफ्ट बॅक समजावून सांगायच्या फंदात पडलो नाही.

अर्ध्या वेळापर्यंत कंटाळलो, खरं सांगतो. काही घडतच नव्हतं. रामोस वर गेला की हा आत सरकतो, पुयोलच्या जवळ येतो. रॉबेन कडेला उभा राहिला की हा त्याच्यापासून दोन हात अंतर ठेवून, आतली बाजू झाकून उभा. रॉबेन सरकला की हाही सरकतो, उन्हातल्या सावलीसारखा. हॉलंडच्या डी याँगने अलोन्सोच्या छातीत लाथ घातली तेव्हा सगळं मैदान पंचाकडे धावलं आणि माझी नजर आपसूक तिकडे गेली. परत अकरा नंबर शोधायला रिवाइंड करावं लागलं.

कोल्हापूरकर, दुकानाचं तुमचं म्हणणं बरोबर निघालं. रॉबेनच्या त्या दोन्ही संधी मधूनच आहेत. "सहप्रवासी" हा शब्द मागे घेतो. "नशीबवान" मात्र ठेवतो, म्युलरचं उत्तर अजून कुणी दिलेलं नाही.

कोल्हापुरी फुलबॅक

म्युलरचं उत्तर नाही माझ्याकडं. ठेवा तेवढं. पैज कोण हरलं होतं, वडापाव कुणाकडनं?

नाक्यावरचा पंच

सगळेच हरलो, ज्याचे त्याने खाल्ले. उद्याची पैज तयार आहे : २००८ च्या युरो अंतिम सामन्यात पुयोलच्या शेजारी मधल्या बचावात कोण होता? फोन न काढता.

तिरपा पास

पिके. सोपं आहे.

सरस्वतीबाई

मार्चेना. तोही भारतात आला होता, २०१५ ला, केरळकडे. मोसम अर्ध्यावर टाकून गेला. पिके तेव्हा स्पेनच्या संघातही नव्हता.